पुण्यात परत येतेय. ‘दादा’ म्हणजे बहीण, हे कळणारं कुणी आहे का?

नारायणपेठ_ते_मोम्बासा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म पुण्याचा, १९८०चा. आई नारायण पेठेतली. बाबा केनियाचे, मोम्बासाजवळच्या रबईचे. १९७५ साली ते एम.एस्सी. करायला पुण्यात आले, आईच्या मैत्रिणीच्या भावाचे वर्गमित्र झाले, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. १९७८ला नोंदणी पद्धतीने लग्न. त्या कायद्यात तीस दिवस आधी नोटीस लावतात. ती कचेरीच्या फळ्यावर लागली आणि आजोबांना मुलीच्या लग्नाची बातमी फळा वाचून आलेल्या शेजाऱ्याकडून कळली. सहा महिने घरात अबोला. माझ्या बारशाला मात्र पाळण्याची दोरी सोडायला तयार नव्हते, असं आजी सांगायची.

१९८५ साली बाबांना मोम्बासा बंदरात नोकरी लागली. आई त्यांच्यामागे गेली आणि मी शाळेसाठी आजीकडे राहिले. बारावी झाल्यावर, १९९८ला, मीही गेले. मोम्बासात चहाचा मोठा लिलाव होतो, केनियाचाच नाही तर आसपासच्या देशांचाही चहा तिथे विकला जातो. त्यातल्या एका दलाल कंपनीत इतकी वर्षं हिशेब लिहिले. बाबा २०१९ला गेले. आई त्यानंतर पुण्यात परतली, वाडा पाडून झालेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद आणि गुडघे कायमचे. म्हणून मी दहा वर्षांच्या लेकीला घेऊन मे महिन्यात येतेय. (व्हिसाचं कुणी विचारायच्या आधी: मी जन्माने भारतीय होते, नंतर केनियाचं नागरिकत्व घेतलं, त्यामुळे भारताचं गेलं. दोघींची ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाची, कार्डं झाली आहेत.)

आता मुद्द्यावर येते.

आमच्या वाड्यात वरची खोली आजीने दोन वर्षं एका टांझानियन मुलीला भाड्याने दिली होती. टांगा नावाच्या गावची, फार्मसी शिकत होती. ‘जावयाच्या देशाची आहे’ असं आजी सगळ्यांना सांगायची. ‘अगं, देश वेगळा आहे’ म्हटलं की, ‘नकाशात शेजारीच आहे ना?’

तोवर माझ्या केसांचा प्रश्न आजी आपल्या पद्धतीने सोडवत होती. म्हणजे खोबरेल थापायचं, लाकडी फणी घ्यायची आणि मुळापासून ओढायची. फणीचे दात मोडायचे, मी रडायचे, आजीही रडवेली व्हायची. त्या मुलीने हे एका रविवारी जिन्यावरून पाहिलं. खाली आली, काही न बोलता आजीच्या हातातून फणी काढून घेतली आणि मला न्हाणीघराकडे नेलं. केस ओले केले, तेल ओल्या केसांवर लावलं, आणि बोटांनी टोकाकडून गुंता सोडवत वर आली. मग पायरीवर बसून मला गुडघ्यांमध्ये घेतलं. भांग पाडायला तिने पेनाच्या रिफिलचं टोक वापरलं. डोक्याच्या कातडीला धरून जाणाऱ्या बारीक बारीक वेण्या घातल्या, स्वाहिलीत त्यांना मातूता म्हणतात. शेतातल्या सरी-वरंब्यांमधले वरंबे म्हणा ना. चार तास लागले. आजी समोर तांदूळ निवडत बसली होती, पण ताटाकडे तिचं लक्ष नव्हतं. पुढच्या महिन्यापासून भांग आजी पाडायला लागली आणि वेण्या ती मुलगी घालायची.

मी तिला दादा म्हणायचे, ती मला दादा म्हणायची. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. मामा म्हणजे आई. आजी म्हणायची, ‘तुझ्या बापाच्या भाषेत एक बाबाच तेवढे जागेवर राहिलेत.’

१९९३ साली मी तेरा वर्षांची होते. ती तोवर वसतिगृहात राहायला गेली होती. शाळेतल्या चार मैत्रिणींबरोबर मी फर्ग्युसन रस्त्यावरून चालले होते. पलीकडच्या फुटपाथवर आठ-दहा आफ्रिकन मुलंमुली उभी होती, त्यांतून ती ओरडली, ‘दादा! दादा!’ आणि दोन्ही हात वर केले. माझ्या मैत्रिणी हसायला लागल्या. ‘ती हबशीण तुला दादा म्हणतेय का गं?’ मी म्हटलं, ‘मी नाही ओळखत.’ आणि चालत राहिले. ती मलाच हाक मारतेय हे न कळण्याचं काही कारणच नव्हतं, त्या रस्त्यावर माझ्यासारखे केस असलेली मी एकटीच होते. दोन महिन्यांनी तिचं शिक्षण संपलं आणि ती गेली.

पुण्यातली माझी पहिली अठरा वर्षं अशीच गेली. विद्यापीठात, फर्ग्युसनला, कॅम्पात आफ्रिकन मुलं भरपूर होती आणि मी त्यांना टाळण्यात तरबेज झाले होते. त्यामुळे ‘पुन्हा जोडून घ्यायचंय’ असं लिहायला बसले खरी, पण तुटलं कधी होतं? मी बांधूच दिलं नाही.

आता विचारते. पुण्यात आज आफ्रिकन लोक कुठे राहतात, कुठे भेटतात? लेकीचे केस करणारं कुणी मिळेल का? (मला दोनच प्रकारच्या वेण्या येतात आणि दुसऱ्या प्रकारावर ती नाराज असते.) आणि तिसरं, ज्याचं उत्तर कुणी देईल असं वाटत नाही: पंचेचाळिशीची, पेठी मराठी बोलणारी, मोडकी स्वाहिली येणारी बाई तिथे जाऊन उभी राहिली, तर ती पोरं तिला काय समजतील?

एक विनंती. मलिक अंबरपासून सुरुवात करू नका. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांना वेण्या घालता येत होत्या असं वाचनात नाही.

कोंढव्याचा_किराणा

ताई, माझं दुकान कोंढव्यात. गेली बारा वर्षं निम्मं गिऱ्हाईक परदेशी आहे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘आफ्रिकन समाज’ असा एक नाही. आपण सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो. सुदानी पोरं अरबी बोलतात, त्यांना तुमची स्वाहिली तुमच्या शेजाऱ्यांइतकीच कळणार. त्यांचं उठणंबसणं येमेनी लोकांबरोबर जास्त. २०२३च्या एप्रिलात तिकडे युद्ध सुरू झाल्यापासून बऱ्याच जणांना घरी जाता आलेलं नाही, काहींचे आईवडील, भावंडं इकडे आली. ते आता विद्यार्थी राहिले नाहीत, बिऱ्हाडं झालीत. ते कर्कदे मागतात. मी दोन वर्षं ‘नाही’ सांगत होतो, मग एकाने फोटो दाखवला तर आपली लाल अंबाडी! वाळवलेली फुलं, लाल चहा करतात.

नायजेरियाची मुलं बारीक रवा पाच-पाच किलो नेतात. मला वाटायचं शिरा करतात. घट्ट शिजवून गोळा करून रश्शात बुडवून खातात. ती इंग्रजी बोलतात. स्वाहिलीवाले म्हणजे टांझानिया, केनिया आणि थोडे काँगोचे. ते मक्याचं पांढरं पीठ मागतात. आपल्याकडे पिवळं मिळतं, पांढरं मागवावं लागतं.

भेटायचं म्हणाल तर संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या मैदानावर फुटबॉल. रविवारी कॅम्पातल्या इंग्रजी प्रार्थनेची चर्चं. शुक्रवारी दुपारी मशिदीबाहेर. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये विचारलंत तर त्या त्या देशाच्या विद्यार्थी संघटनेचा माणूस कोण ते कळेल.

केसांचं मला माहीत नाही. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी पोरींचा हसण्याचा आवाज सहा-सहा तास येतो, ते तेच असावं.

साधा_माणूस

तुमचा जन्म इथला, मराठी आमच्यापेक्षा चांगली. मग वेगळा समाज कशाला हवा? मिसळून राहा की.

नारायणपेठ_ते_मोम्बासा

@साधा_माणूस, नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे. गणपती बसतो, मोदक होतात, नाटकं होतात. इतक्या वर्षांत एकाही केनियन माणसाने त्यांना ‘मिसळून राहा की’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट आमच्या हापिसातले दोघे दरवर्षी मोदकांसाठी वशिला लावायचे.

@कोंढव्याचा_किराणा, दादा, (मराठी अर्थाने) तुमचे फार आभार. अंबाडीचं वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, ‘बघ, आणि आपण भाजी करून संपवतो.’ पांढऱ्या पिठाचं डोक्यात ठेवते. बाबा पुण्यात असताना मक्याचं पीठ न मिळाल्याने तांदळाच्या पिठाची उगाली, म्हणजे घट्ट शिजवलेला पिठाचा गोळा, करायचे. आजी त्याला ‘जावईबापूंची उकड’ म्हणायची आणि हळूच वरून हिरव्या मिरचीची फोडणी घालायची.

शरणपूर_रोड_नाशिक

ताई, मलिक अंबर नको म्हणालात, ठीक. मी निवृत्त शिक्षक, इतिहासाचा. दुसरं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाशिकला शरणपूर आहे. आज लोकांना तो फक्त रस्ता वाटतो. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४च्या सुमारास तिथे ख्रिस्ती वसाहत उभारली. त्या काळी इंग्रजांचं आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडायचं आणि सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचं. त्यांतली कित्येक शरणपूरला आली, सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन १८७३ साली तिथेच वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. तो नाशिकच्या शाळेतला. १८७४च्या एप्रिलात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला धरून चालणाऱ्यांत तोही होता. पुढे शरणपूरचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनीच मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी वस्ती वसवली, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने फ्रिअरटाउन. तिथे शिकवायला नाशिकहून गेलेले लोक होते. त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड ही त्यांतली नावं.

म्हणजे नाशिक ते मोम्बासा ही वाट तुमच्या वडिलांच्या शंभर वर्षं आधीपासून चालू होती. तुमचे पूर्वज त्यांतलेच असतील!

नारायणपेठ_ते_मोम्बासा

सर, नसणार. पण तुमच्यामुळे आज दुपारचं जेवण राहिलं.

मोम्बासा बेटावरून न्याली पूल ओलांडला की एक चौक लागतो, त्याला केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा. फ्रिअरटाउनची घंटा अजून तिथे आहे, मी वीस वर्षं तिच्यासमोर मटाटूची (तिकडची वडापची गाडी) वाट बघत उभी राहिलेय. ती घंटा कुणाची ते माहीत होतं. त्या घंटेच्या आसपासच्या माणसांना नाशिक माहीत होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण बाबा रबईचे, मिजिकेंडा. मिजिकेंडा म्हणजे नऊ जमाती, रबई त्यांतली एक. ते कुठून पकडून आणलेले नव्हते, आपल्या टेकडीवरच होते. बॉम्बे आफ्रिकन मंडळी रबईलाही मास्तर, पाद्री म्हणून आली होती. पायात बूट, तोंडात इंग्रजी आणि हिंदुस्थानी. गावातल्यांना ते आपले वाटले नसणार. दिसायला सारखे आणि बाकी सगळ्यात परके. सर, खरं सांगू? माझं नातं त्या मास्तरांशी रक्ताचं नाही, पण त्यांची अडचण मला नीट समजते.

मुरुडचा_सिद्दी

बरेच दिवस वाचतोय, लिहावं की नाही कळत नव्हतं. कुणीतरी इथे ‘सिद्दी समाजाला भेटा’ असं सांगणारच, म्हणून आधीच बोलतो.

मी मुरुडचा, नोकरीला पनवेलला. आम्ही कोकणात चारशे-पाचशे वर्षं आहोत. जंजिऱ्याचं संस्थान १९४८ला विलीन झालं. पर्यटक राजपुरीहून शिडाच्या होडीत बसतात, किल्ल्याचे फोटो काढतात, गाइड काय वाटेल ते सांगतो, आणि खोकरीच्या कबरींकडे क्वचितच कुणी वळतं. असो.

ताई, मला आफ्रिकेतलं एकही गाव माहीत नाही. माझ्या आजीलाही माहीत नव्हतं. मी एकदा कामासाठी कर्नाटकात यल्लापूरकडे गेलो होतो, तिथल्या जंगलातले सिद्दी कोकणी बोलतात, त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तिथे मी दिसायला घरचा आणि बोलायला पाहुणा होतो. तुम्ही मास्तरांबद्दल लिहिलंत ते मला तिथे झालं होतं.

मला लोकलमध्ये विचारतात, ‘यू फ्रॉम?’ मी म्हणतो, ‘मुरुड.’ ते म्हणतात, ‘नाही, म्हणजे मूळ?’ मी म्हणतो, ‘मूळ राजपुरी.’ एकदा एका बाईंनी मुलाला शिकवलं, ‘बघ, हे परदेशी असून किती छान मराठी बोलतात.’ मी त्या पोराला विचारलं, ‘तुला येते का?’ त्याला येत नव्हती, इंग्रजी माध्यम.

म्हणून सांगतो, आमच्याकडे या, मुरुडला या, घरी जेवायला या. पण आफ्रिका शोधायला येऊ नका. ती तुमच्याकडेच आमच्यापेक्षा जास्त आहे. माझ्या मुलीचे केस मात्र तुमच्या लेकीसारखेच असणार. तुम्ही ओल्या केसांचं, टोकाकडून वर जायचं लिहिलंत ते माझ्या बायकोने वाचलं. आमच्या घरी आजही कोरड्या केसांवर फणी चालते आणि रविवारी रडारड असते. ती विचारतेय, तेल आधी की पाणी आधी?

नारायणपेठ_ते_मोम्बासा

वहिनींना सांगा, पाणी आधी. पूर्ण भिजवायचे, मग थोडं कंडिशनर, मग मोठ्या दातांचा कंगवा. कंगवा टोकापासून सुरू करायचा, तिथला गुंता सुटला की दोन बोटं वर, मग आणखी दोन बोटं. एका हाताने मुळाशी धरून ठेवायचं म्हणजे डोक्याला ओढ बसत नाही. तेल शेवटी, पाणी आत कोंडून ठेवायला. रात्री सॅटिनच्या कापडाची टोपी किंवा उशीला सॅटिनचा अभ्रा, सुती अभ्रा केसातलं तेल-पाणी पिऊन टाकतो. आजीच्या हिशेबाने मी जन्मभर उलटं सांगतेय, पण फणी तिनेही शेवटी सोडली होती.

मुरुडला नक्की येणार. आफ्रिका मोम्बासाला ठेवून येते.

कर्वेनगरच्या_काकू

अगं, तू घराचं काही लिहिलं नाहीस. आईकडेच राहणार ना? तर सुटलीस.

मी माझा एक फ्लॅट २०१५ साली दोन केनियन मुलींना दिला होता. परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, ते सगळं मी नातवाकडून करून घेतलं. मुली सोन्यासारख्या. सोसायटीने मात्र बैठक घेतली. तक्रार काय, तर ‘रात्री लिफ्टमध्ये भीती वाटते’. मी विचारलं, कुणाला? एकाही बाईने हात वर केला नाही. तरी ठराव झाला.

मुजुमदार सरांनी १९७१ला सिम्बायोसिस काढली ती कशावरून, हे पुण्यात सगळ्यांना पाठ आहे: फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा मुलगा काविळीने आजारी, आणि एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती. ती गोष्ट आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनीच स्नेहसंमेलनात डोळे पुसत सांगितली होती. त्याच अध्यक्षांची त्या ठरावावर पहिली सही आहे.

नारायणपेठ_ते_मोम्बासा

काकू, आईचं घर एका खोलीचं, म्हणून मी शेजारी दुसरं शोधत होते. दलालाशी फोनवर तीन वेळा बोलले. ‘मॅडम, तुमचं बोलणं किती गोड! सदाशिव की नारायण?’ चौथ्यांदा घर दाखवायला व्हिडिओ कॉल केला. अर्धा मिनिट तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, मालकांचा भाचा येतोय राहायला. त्या आठवड्यात पुण्यातल्या तीन मालकांचे भाचे आले. शेवटी ठरवलं, आईच्याच हॉलमध्ये दिवाण टाकू.

टीवायबीफार्म_आणि_रूममेट

हाय ताई! मी मूळची लातूरची, पुण्यात फार्मसीला आहे. आणि माझी रूममेट टांझानियाची आहे. आणि ती टांगाची आहे!!! मी तुमची पोस्ट तिला रात्री दोन वाजता इंग्रजीत वाचून दाखवली. फर्ग्युसन रस्त्याचा भाग मला दोनदा वाचावा लागला, कारण पहिल्यांदा मला वाटलं तिला राग आला. ती गप्प होती. मग तिने विचारलं, ‘हिची मुलगी केवढी आहे?’

किराणावाल्या काकांच्या दुकानाच्या वरचा जो आवाज आहे ना, ते आम्हीच. (सॉरी काका.) दर शनिवारी चार-पाच जणी येतात. सेकंड इयरची एक काँगोची मुलगी सगळ्यांत भारी घालते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रूममेटला विचारलं, तुम्हाला काय समजतील म्हणून. ती म्हणाली, ‘जिला पाच तास बसायला वेळ आहे ती.’ आणि तुम्हाला सांग म्हणाली: दादा, करिबू साना. (म्हणजे मनापासून स्वागत!)

नारायणपेठ_ते_मोम्बासा

हे वाचून काही लिहिता येत नाही. मेमध्ये कळवते.

नारायणपेठ_ते_मोम्बासा

मेचा शेवट आलाय, आम्ही पोचलो. काल शनिवार होता, जाऊन आलो.

लेक आधी दारातच माझ्यामागे लपली. त्या काँगोच्या मुलीने नुसती उशी जमिनीवर टाकली आणि स्वतः खुर्चीत बसली. लेकीला ती खूण लगेच कळली. मुली आपापसांत इंग्रजी, स्वाहिली, फ्रेंच आणि ‘अरे यार’ मिसळून बोलत होत्या. माझी स्वाहिली त्यांना जुनाट वाटते म्हणे, बंदरावरच्या म्हाताऱ्यांसारखी. बरोबर आहे, बाबांचीच आहे.

निम्म्यात ती मुलगी दमली म्हणून मी म्हटलं, भांग मी पाडते. पर्समधून पेन काढलं, रिफिल काढली. टांगाच्या मुलीने हात धरला आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? मग मी तिला सगळं माझ्या तोंडाने सांगितलं, तेरा वर्षांची मी काय बोलले तेही. तिने ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. म्हणाली, ‘नाव सांगा, आईला विचारते. टांगा एवढं मोठं नाही.’

मला नाव सांगता येईना. दोन वर्षं मी तिच्या गुडघ्यांमध्ये बसले आणि तिला दादाच म्हणत राहिले. घरी येऊन आईला विचारलं, तिलाही आठवेना, ती तेव्हा इथे नव्हतीच. आजीच्या ट्रंकेत भाड्याच्या पावत्यांची वही असायची, ती वाडा पाडताना कुठे गेली कोण जाणे. आई मामेभावाला फोन करणार आहे, त्याच्या माळ्यावर आजीच्या दोन पेट्या आहेत म्हणे.

लेकीच्या वेण्यांना साडेपाच तास लागले. मी सगळ्यांसाठी उगाली करायला म्हणून जवळच्याच दुकानातून पीठ नेलं होतं. पिवळं निघालं. शिजल्यावर ताटलीत बघून पोरी इतक्या हसल्या की खालून कुणीतरी काठीने छत वाजवलं. खाल्लं सगळ्यांनी, पण पुढच्या वेळी खरं आणा म्हणाल्या.

कोंढव्याचा_किराणा

छत मी नाही वाजवलं, मधल्या मजल्यावरच्या आजोबांनी वाजवलं. आणि माझं दुकान तळाला असताना दुसरीकडून पिवळं कशाला नेलंत ताई, एक फोन करायचा. पांढरं मंगळवारी येतंय. पाच किलो बाजूला ठेवतो.